एका दारावर सहा पाट्या

माणसं नोकरीसाठी गाव सोडून पुण्याला जातात, बंगळुरूला जातात. आमच्या गल्लीतला एकजण कॅनडाला गेला आणि तिथून फावड्यानं बर्फ उपसतानाचे फोटो पाठवतो. मी पन्नाशी उलटल्यावर सौंसर सोडलं आणि पांढुर्ण्याला गेलो. बसनं तासाभराची वाट. पण गल्लीत चर्चा माझीच जास्त झाली, कारण कॅनडात जाणं आमच्याकडे समजू शकतात. सौंसरच्या माणसानं पांढुर्ण्यात जाऊन राहणं समजू शकत नाहीत.

याचं कारण असं की पांढुर्णा जिल्हा झाला. तोवर सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिली छिंदवाड्याच्या छत्राखाली सख्ख्या जावांसारख्या नांदत होत्या. दोघींची संत्री गोड, दोघींचे रस्ते खराब, आणि आपण दुसरीपेक्षा शहाणी याबद्दल दोघींनाही शंका नव्हती. मग एका फटक्यात पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि सौंसर त्याच्या हाताखाली आलं. आमच्या चौकातल्या चहावाल्यानं त्या दिवशी चहात साखर टाकली होती की नाही, हे आजही वादाचं आहे.

तिकडे पांढुर्ण्यात वेगळीच हवा. काल जे गाव होतं ते आज शहर झालं होतं. न्हाव्यानं जुन्याच आरशाभोवती दिव्यांची माळ लावली आणि भाव वाढवला. विचारलं तर म्हणे, "जिल्हा झाला ना भाऊ!" कोबीवाला तेच, ऑटोवाला तेच. बसस्टँडजवळ एक खड्डा होता, त्यात मी नोकरीला लागल्यापासून पाय घालत आलो होतो. तोही आता जिल्हास्तरीय खड्डा झाला होता आणि त्याच्यात पाय मुरगळला की एक प्रकारचा मान वाटायचा.

आमचं ऑफिसही जिल्ह्याचं झालं. खातं कोणतं ते सांगत नाही, माझी पेन्शन अजून व्हायची आहे. सौंसरच्या आम्हा सहा जणांची बदली पांढुर्ण्याला झाली आणि आमचं अपडाऊन सुरू झालं. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. शेवटच्या सीटवर आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, खिडकीशी बसत. त्यांचं पोट आधी चढायचं आणि ते मागून यायचे. ऑफिसची निम्मी कामं त्या सीटवर तोंडी निकालात निघायची आणि उरलेली निम्मी उद्याच्या बसवर ढकलली जायची.

उशीर झाला तर आमच्याकडे एक रामबाण होता. मंगळवार-शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची रस्त्यावर खरोखरच गर्दी असते. "जामसांवलीची गर्दी होती साहेब," म्हटलं की साहेब काही बोलू शकत नसत. हनुमानावर कोण रागावणार? मी काही देवळात जाणारा नाही, आमच्या घरी रविवारी विहारात जातात. पण या बाबतीत मीही मनापासून हनुमानभक्त होतो. फक्त बडे बाबूंनी एकदा उत्साहात गुरुवारी गर्दी सांगितली, तेव्हा जरा पंचाईत झाली.

मग नवे साहेब आले. उत्तरेकडचे, तरुण, कडक इस्त्रीचे. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी टेबलावर हात आपटला.

"मुख्यालय में रहना पड़ेगा। नियम है। मैं खुद यहीं रहता हूँ, चौबीस घंटे। सुबह-सुबह घर आकर देखूँगा कौन कहाँ सोया है।"

साहेब खरोखरच रोज सकाळी स्टेशनच्या बाजूनं पायी, खांद्याला पिशवी लावून येताना दिसत. आम्ही कौतुकानं म्हणायचो, पाहा, एवढ्या मोठ्या पदावर असून माणूस तब्येत राखून आहे, रोज फिरायला जातो.

त्या संध्याकाळी बसमध्ये शोकसभा झाली. एकाचं घर नवीन बांधलेलं, एकाचं शेत, एकाची सासू. माझी बायको सौंसरच्या शाळेत शिकवते, तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, "तुम्हाले जायचं तर जा. मी माझी शाळा सोडून त्या जिल्ह्यात येत नाही." 'जिल्ह्यात' हा शब्द ती असा उच्चारायची की वाटावं, मी तुरुंगात चाललो आहे.

जामसांवलीचा फाटा मागे पडल्यावर बडे बाबूंनी डोळे उघडले. "साहेब काय पाहील? घर पाहील. आपण घर दाखवू. एक घर, सहा जण. वर्गणी काढू अन् पाटी लावू. राहाले कोण सांगून राहिलं?"

आम्ही टाळ्या वाजवल्या. कंडक्टरनंही वाजवल्या, त्याची तर सहा तिकिटं वाचली होती.

घर शोधायला मला पाठवलं, कारण माझं तोंड चालतं. पांढुर्ण्यात घरमालकही जिल्ह्याचे झाले होते. कोणी भाड्याचा आकडा असा सांगायचा की मी दोनदा 'महिन्याचं का वर्षाचं' विचारलं. कोणी आडनाव विचारायचा, आणि ऐकल्यावर त्याला एकदम आठवायचं की खोली तर पुतण्यासाठी ठेवली आहे. एका गल्लीत मला इतके पुतणे भेटले की तिथल्या सगळ्या घरांचं मिळून एकच खानदान असावं.

शेवटी एका पानवाल्यानं सिस्टरबाईंचं घर दाखवलं. सिस्टरबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या रिटायर्ड नर्स. पांढरी साडी गेली होती पण चाल तीच, आपण बाजूला सरून वाट द्यावी अशी. खाली त्या एकट्या राहायच्या, वर दोन खोल्या रिकाम्या. दिवाणखान्यात बुद्धमूर्ती, तिच्यासमोर ताजी फुलं, आणि शेजारी बीपीचं मशीन.

मी आपण होऊन आडनाव सांगायला लागलो, म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे. त्यांनी हातानंच थांबवलं.

"मी विचारलं का? गोटमारीच्या दिवशी किती डोकी शिवली मी! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावरून पांढुर्ण्याचे आणि त्या काठावरून सावरगावचे एकमेकांवर गोटे मारतात, अन् संध्याकाळी दोन्हीकडचे माझ्यासमोर एकाच बाकावर. कोणतं डोकं कुठलं हे मी टाके घालताना नाही विचारलं, आता तुमचं आडनाव कायले विचारू? मी एकच विचारते. राहाल ना?"

"हाव," मी म्हणालो.

"नीट ऐका. माझा मुलगा पुण्यात आहे. अकराव्या मजल्यावर. तो म्हणते, आई, एकटी राहू नको, चाल. मी म्हणलं, वरती भाडेकरू आले तर राहू दे मले. तर म्हणे ठीक, माणसं खरंच राहत असतील तर राहा. नाही तर दिवाळीनंतर घर विकू अन् तुले घेऊन जातो. त्यानं दलालही पाहून ठेवला. मी राहून आली तिथी पंधरा दिवस. लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. इथी अर्ध्या गावाले मी सुई टोचली आहे, रस्त्यानं निघाली तर मोठे मोठे माणसं अजून कंबरेवर हात ठेवतात. समजलं? मले भाड्याशी मतलब नाही. वरती पाय वाजले पाहिजे."

"समजलं," मी म्हणालो. साहेबांना म्हणतो तसंच.

दुसऱ्या दिवशी दारावर सहा पाट्या लागल्या. बडे बाबूंची सगळ्यात वर, पितळी. खाली पदाप्रमाणे उतरत उतरत, शेवटची शिपायाची, पुठ्ठ्याची. पोस्टमन आला, वर पाहिलं, आणि म्हणाला, "हे घर आहे का ऑफिस?" दोरीवर वाळत घालायला प्रत्येकानं एकेक कपडा दिला. माझा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा होता. तो त्या दोरीवर असा स्थायिक झाला की माझ्याआधी त्यालाच पांढुर्ण्याचा रहिवासी दाखला मिळाला असता. मग आम्ही कुलूप लावलं आणि संध्याकाळच्या बसनं सौंसरला गेलो.

आम्ही समजत होतो की आम्ही साहेबांना फसवतो आहोत. सिस्टरबाई त्याच वेळी मुलाला फसवत होत्या, आणि आमच्यापेक्षा कितीतरी मन लावून. आम्ही राहत नाही हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी किल्लीनं वरचं दार उघडून दिवा लावायच्या, सकाळी मालवायच्या. पाऊस आला की पायजमा आत घ्यायच्या. आणि रोज पुण्याहून फोन आला की मुलाला आमच्या गोष्टी सांगायच्या. त्या गोष्टींत आम्ही आमच्यापेक्षा फार चांगले होतो. बडे बाबू पहाटे उठून योगासनं करायचे. आमचा स्टोअरवाला, म्हणजे भांडारपाल, बासरी वाजवायचा. आणि मी, ज्याला चहाचं आधण कधी उतरवायचं हे अजून कळत नाही, तो मी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा असा करायचो की वास नदीपलीकडे सावरगावपर्यंत जायचा.

हे आम्हाला कळलं ते तपासणीच्या दिवशी.

साहेबांनी आदल्या दिवशी ऑफिसात जाहीर केलं, "कल सुबह आऊँगा। सबके घर।" आम्ही सौंसरहून पहिली बस धरली. बडे बाबूंनी वाटेत योजना समजावली: पोचायचं, बनियनवर यायचं, दात घासत उभं राहायचं. सहा जण डबे आणि पिशव्या सांभाळत सिस्टरबाईंच्या दाराशी धापा टाकत पोचलो आणि त्याच क्षणी एक ऑटो येऊन थांबला. आतून बॅग घेऊन एक माणूस उतरला. चेहरा हुबेहूब सिस्टरबाईंचा, फक्त मिशी लावलेला.

"तुम्ही... वरचे काका का?"

"हो," मी म्हणालो. "फिरायला गेलो होतो."

"डबे घेऊन?"

"भूक लागते," बडे बाबू म्हणाले. त्यांच्याकडे पाहून यावर कोणीही विश्वास ठेवला असता.

सिस्टरबाई दारात आल्या. मुलगा न कळवता आला होता. पुण्याहून नागपूर, तिथून सकाळची गाडी. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, मग ड्यूटीवरच्या नर्सचा झाला. "आला का? बरं केलं. हे पाहा, हेच ते."

मुलगा हरखून गेला. "म्हणजे योगासनं करणारे तुम्ही?" त्यानं बडे बाबूंचा हात हातात घेतला. बडे बाबूंनी पोट आत ओढलं. ते निम्म्या वाटेवरून परत आलं. "आणि बासरी?" स्टोअरवाल्यानं मागे पाहिलं, मागे भिंत होती. "बासरी... दुरुस्तीला दिली आहे." मग तो माझ्याकडे वळला. "आणि पाटोडी म्हणजे तुम्हीच! काका, आई रोज फोनवर सांगते. पुण्यात पाटोडी मिळत नाही हो. आज संध्याकाळी तुमच्या हातची खाऊनच उद्या निघणार."

मी सिस्टरबाईंकडे पाहिलं. त्या बुद्धमूर्तीच्या फुलांकडे पाहत होत्या.

आम्ही जिना चढून वर गेलो, मुलगा मागोमाग. वर दोन खोल्या, त्यात एक चटई आणि एक ग्लास. सहा माणसांत एक ग्लास. त्यानं स्वयंपाकघराचं दार ढकललं. आत ओटा होता आणि ओट्यावर काहीही नव्हतं, पाल होती.

"गॅस कुठे आहे?"

"खाली माझ्याकडे रांधतात," जिन्यावरून सिस्टरबाईंचा आवाज आला. "दोन सिलेंडर कायले जाळायचे?"

"आणि अंथरुणं?"

"उन्हात टाकली," बडे बाबू म्हणाले. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

 मुलगा सॉफ्टवेअरमध्ये होता. कुठे काय गळतंय हे शोधण्याचेच त्याला पैसे मिळत असावेत. त्यानं खिडकीतून दोरीवरच्या माझ्या पायजम्याकडे बराच वेळ पाहिलं. पायजमा उन्हानं एका बाजूनं पांढरा पडला होता.

इतक्यात खाली कोणीतरी हाक मारली आणि साहेब जिना चढून वर आले. दाराशी थांबून त्यांनी पाट्या वाचल्या, वरपासून खालपर्यंत, पितळेपासून पुठ्ठ्यापर्यंत.

"छह लोग? दो कमरों में?"

"ऐडजस्ट कर लेते हैं सर," बडे बाबू म्हणाले.

"एक गिलास में?"

हे बोलून साहेब आत आले आणि मुलासमोर उभे राहिले. मुलाचा चेहरा एकदम खुलला. परक्या गावात ओळखीचा माणूस भेटल्यावर खुलतो तसा.

"अरे सर, आप! नमस्ते। आपने ही तो मुझे खिड़की वाली सीट दी थी।" आणि आमच्याकडे वळून मराठीत, मोठ्या कौतुकानं, "फार सज्जन माणूस. नागपूरहून रोज याच गाडीनं येतात. पास आहे. मला म्हणाले, पांढुर्ण्यात कोण राहणार!"

ओट्यावरची पाल चुकचुकली.

साहेबांची पिशवी खांद्यावर होती. तिच्यातून डब्याचा दांडा बाहेर डोकावत होता. आम्ही सहा जणांनी त्या डब्याकडे पाहिलं. साहेबांनी आमच्या सहा डब्यांकडे पाहिलं. इतकी समान वागणूक मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

"मैं... घूमने गया था," साहेब म्हणाले.

कोणी हसलं नाही. हसण्याचं प्रमोशन आमच्यापैकी कोणाचंच झालं नव्हतं. सिस्टरबाईच पुढे आल्या.

"बैठो बेटा, चाय पिओ। तीस साल नौकरी की मैंने, ऐसी जाँच बहुत देखी।" त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "नीचे जगह है, सातवीं पट्टी लगा देते हैं।"

साहेब चहा न पिता गेले. जाताना जिन्यात बडे बाबूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देखिए, नियम नियम है, पर आदमी भी आदमी है।" त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात मुख्यालय हा शब्द कोणी उच्चारला नाही. साहेब उलट विचारू लागले, बस वेळेवर आली का, जामसांवलीची गर्दी कशी आहे.

दिवसभर ऑफिसात दिवाळी होती. बडे बाबूंनी पेढे आणले. संध्याकाळी पाचला सगळे बसस्टँडकडे निघाले आणि वाटेत बडे बाबूंनी हिशेबाचं बोलून टाकलं. "आता त्या घराचं काय काम? महिनाअखेर सोडून देऊ. पाट्या काढून घेऊ, माझी पितळेची आहे."

मला तेव्हा लक्षात आलं की आम्ही सुटलो म्हणजे सिस्टरबाई अडकल्या. आम्ही पाट्या काढल्या की त्यांच्या मुलाला दलालाला फोन करायला काही कारण शोधावं लागणार नाही. खरं तर त्यानं सकाळीच सगळं पाहिलं होतं.

"तू कायले थांबून राहिला बे?" बडे बाबू बसच्या पायरीवरून ओरडले. "चाल ना, सीट जाऊन राहिली."

"पाटोडी करायची आहे."

बसमधून जो हशा आला तो जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत ऐकू गेला असेल. कंडक्टरनं शिट्टी मारली आणि माझी सीट, खिडकीपासून दुसरी, माझ्याशिवाय सौंसरला गेली.

मी वाण्याकडून बेसन घेतलं, खसखस घेतली, कोथिंबीर घेतली आणि सिस्टरबाईंच्या ओट्याशी उभा राहून बायकोला फोन लावला.

"पाटोडी कशी करतात?"

"अवो, बरं नाही का तुम्हाले?"

मी थोडक्यात सगळं सांगितलं. थोडक्यात म्हणजे माझ्या थोडक्यात. ती मध्ये मध्ये हसत होती, पण सिस्टरबाईंच्या मुलाचं ऐकल्यावर हसायची थांबली. "बरं. आधी मले हे सांगा, गॅस पेटवता येते का?"

त्या संध्याकाळी सौंसर-पांढुर्णा या मार्गावर एक दूरस्थ शिक्षणाचा वर्ग चालला. बेसन घोटा, गाठी होऊ देऊ नका, गाठी झाल्या का, झाल्याच. ताटावर थापा. ताटाला तेल लावलं होतं का? मग आता ताटासकट वाढा. शेजारी सिस्टरबाई कांदा भाजत होत्या आणि एका शब्दानं मदत करत नव्हत्या. मुलगा मधून मधून स्वयंपाकघराच्या दारात येऊन जायचा, तेव्हा मी फोन बरणीमागे ठेवून सराईतासारखं गुणगुणायचो.

रश्श्यात पडल्यावर पाटोड्यांनी आपापसात बोलून विरघळायचं ठरवलं. जेवायला बसलो तेव्हा वाटीत एक पिवळसर, तिखट, जाडसर काहीतरी होतं. सौंसरला आम्ही त्याला पिठलंही म्हटलं नसतं. मुलानं घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं. त्यानं आईकडे पाहिलं.

"आज बिघडली," सिस्टरबाई म्हणाल्या. "रोज चांगली करतात."

त्यानं वाटी पुसून खाल्ली. जेवण झाल्यावर मी अंगणातल्या नळावर हात धूत होतो तर तो बाहेर आला. आवाज खाली केला होता.

"काका, चेष्टा नको. मला आईला ओढून न्यायचं नाहीये हो. ती तिकडे कशी बसते मी पाहिलंय, गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या गाड्या मोजते. पण ती इथे बाथरूममध्ये पडली, तर ते कोणाला कळणार? मी फोन करेन तोवर किती तास झाले असतील? खरं सांगा. रात्री वर कोण असतं?"

मी आयुष्यभर बोलण्यावर जगलो आहे. मी तयारीला लागलो होतो, एक छानशी गोष्ट तोंडात येतही होती, बासरी दुरुस्त होऊन आल्याची. स्वयंपाकघरात सिस्टरबाईंची भांडी वाजायची थांबली होती.

"मी," मी म्हणालो.

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी माझी सुट्टी. त्या दिवशी विहारातल्या बाया असतात त्यांच्याकडे."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, दोरीवरच्या पायजम्याकडे पाहिलं. "हा तुमचा का? मग आज घाला तो. रात्री गार होतं." आणि आत गेला. स्वयंपाकघरात भांडी पुन्हा वाजायला लागली, जरा जास्तच जोरात.

असं माझं स्थलांतर झालं. मी खोटं बोललो होतो, पण ते खोटं त्या रात्रीपुरतं तरी खरं करणं भाग होतं, कारण शेवटची बस गेली होती. दुसऱ्या दिवशी मुलगा पुण्याला गेला, दलालाला न भेटता. बायकोनं सौंसरहून बसच्या टपावर गादी, उशी, एक कढई आणि लाटणं पाठवलं. गादीत चिठ्ठी वगैरे काही नव्हती, बेसनाचा पुडा होता. आता ती शनिवारी संध्याकाळी फोनवर विचारते, "काय जिल्हावाले, उद्या येऊन राहिले का तहसीलमध्ये?"

पाच पाट्या निघाल्या. पितळीच्या जागी चार स्क्रूची भोकं उरली आहेत. सौंसरच्या चौकात मला आता फितूर म्हणतात. चहावाला माझ्या कपात साखर टाकायच्या आधी विचारतो, "तुमच्या शहरात कशी पितात?" मी त्याला सांगतो, आमच्या शहरात खड्डेसुद्धा मोठे आहेत. पांढुर्ण्याचे लोकही मला आपला मानत नाहीत; न्हावी सौंसरवाला म्हणून दोन रुपये जास्त घेतो.

एक गोष्ट मात्र मुलाला सांगायची राहून गेली. म्हणजे सिस्टरबाईंनी राहू दिली. त्यांनी त्याला सांगितलं की त्या तपासणीनंतर बाकीचे पाचही सुधारले आणि आता सहाच्या सहा जण वर राहतात, शिस्तीत. मी म्हटलं, एक पुरे होता की. तर म्हणाल्या, "तुम्ही एका दिवशी तापानं पडले तर? पाच जण बाकी राहिले पाहिजे."

त्यामुळे रोज संध्याकाळी आठच्या सुमाराला पुण्याहून फोन आला की खालून काठीनं छताला दोन ठोके बसतात. मी उठतो. आधी माझ्या चालीनं एक फेरी मारतो. मग स्टोअरवाल्याची, चपला फरफटवत. मग शिपायाची, लगबगीची. उरलेल्या दोघांची मी थोडी एकत्रच उरकतो. सरकारी नोकरीत इतकं मन लावून मी काही केलं नसेल. मुलगा यावर विश्वास ठेवतो की नाही, मी विचारत नाही. फोनवर त्याचं हसणं मात्र जिन्यापर्यंत ऐकू येतं.

परवा मी दमून लवकर बसलो. लगेच काठीचा तिसरा ठोका बसला आणि सिस्टरबाई फोन बाजूला धरून खालून ओरडल्या,

"अवो, बडे बाबू राहून गेले ना!"

मी उठलो, पोट पुढे काढलं, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धप धप चाललो.